घरासाठी अलार्म निवडताना : हूटर वाजल्यावर कोण येणार, तेथून सुरुवात

गणपतीसाठी आम्ही सहा दिवस गुहागर तालुक्यातल्या गावी गेलो होतो आणि पुण्यातला फ्लॅट बंद होता. तिसऱ्या रात्री पावणेतीनच्या सुमारास दिवाणखान्यातला सेन्सर उठला, हूटर वाजला आणि देखरेख करणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षातून ठरल्याप्रमाणे मला फोन गेला. माझ्या फोनला गावात रेंज नव्हती. दुसरा क्रमांक पत्नीचा होता आणि ती त्याच घरात, त्याच रेंजबाहेर झोपलेली होती. तिसरी ओळ अर्ज भरताना मी रिकामी सोडली होती. कंपनीच्या नोंदीत ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा पडला आणि प्रकरण तेथेच मिटले. परत आल्यावर पाहिले, तर कुलूप जसेच्या तसे होते, सेन्सरच्या खोक्यामागे एक पाल दडलेली होती आणि भिंगावर तिची घाण वाळून चिकटली होती. यंत्राने आपले काम केले होते, कंपनीनेही कागदावर लिहिलेले तेवढे केले होते. दार पाहायला मात्र कोणीही गेले नव्हते.

तेव्हापासून अलार्मविषयी कोणी सल्ला विचारला, की मी उलट्या क्रमाने सुरुवात करायला सांगतो. बहुतेक लोक आधी किट पसंत करतात, मग ते कोठे लावायचे ते ठरवतात आणि फोन कोणाला जाणार हा प्रश्न बसवणारा तंत्रज्ञ निघताना, चहा पिता पिता उरकतात. खरे तर तो प्रश्न पहिला आहे, कारण त्याच्या उत्तरावरच यंत्र कोणते घ्यावे आणि देखरेखीचे मासिक शुल्क भरावे की नाही, हे अवलंबून असते.

पहिली पायरी : येणाऱ्या माणसांची यादी

एका कागदावर अशा चार जणांची नावे लिहावीत, जे रात्री तीन वाजता फोन उचलतील आणि पंधरा मिनिटांत आपल्या दाराशी पोहोचू शकतील. आपण स्वतः या यादीत असलो, तरी घर बंद असते तेव्हा आपणच दूर असतो, हे लक्षात ठेवावे. चौघांपैकी किमान दोघे एकमेकांपासून वेगळ्या ठिकाणी राहणारे असावेत आणि त्यांतला एक तरी त्याच इमारतीतला किंवा गल्लीतला असावा. शेजाऱ्यांकडे बाहेरच्या दाराची किल्ली द्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा प्रश्न आहे. मात्र आत न शिरता बाहेरून दार, खिडक्या आणि जिना पाहून फोनवर सांगणे, एवढ्यासाठी किल्ली लागत नाही आणि जीवही धोक्यात घालावा लागत नाही. दार उघडे दिसले, तर आत पाऊल न टाकता खाली उतरावे आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

११२ वर फोन करणाऱ्याला घाईत पत्ता नीट सांगता येत नाही. म्हणून इमारतीचे नाव, विंग, मजला, जवळची ठळक खूण आणि पोलीस ठाण्याचे नाव अशा चार ओळींचा मजकूर तयार करून तो यादीतल्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावा. घर बरेच दिवस बंद राहणार असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा चौकीत तशी कल्पना द्यावी. सुट्ट्यांच्या तोंडावर पोलीस तसे आवाहन करतातच, पण ते मनावर घेणारे थोडे असतात.

अशी चार नावे सहज सुचली, तर आपल्याला पगारी देखरेखीची गरज कदाचित नाही; फोनवर थेट सूचना देणारी यंत्रणा पुरेल. दोनच्या पुढे नाव सुचत नसेल, आईवडील एकटे राहत असतील किंवा घरातली कर्ती माणसे परदेशात असतील, तर देखरेख सेवेचा विचार गांभीर्याने करावा.

दुसरी पायरी : घराभोवती चोराच्या नजरेने फेरी

वर्तमानपत्रातल्या घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की ते वाचून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात ती फार उपयोगी माहिती आहे. कुलूप कितीही भारी असले, तरी कोयंडा चौकटीत दोन लहान स्क्रूंवर उभा असतो आणि कटावणीच्या एका हिसड्याने निघतो. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची पाटीच असते. म्हणून अलार्मवर एक रुपयाही खर्च करण्याआधी दारात आत बसणारे लॅच किंवा मॉर्टिस लॉक बसवून घ्यावे, चौकटीला लांब स्क्रू मारून घ्यावेत आणि जाळीचा सेफ्टी दरवाजा असेल तर त्याची बिजागरे बाहेरून काढता येतात का, ते तपासावे. कुलूप चोराला थोपवते आणि अलार्म त्या वेळात माणसे गोळा करतो. पहिले नसेल तर दुसऱ्याला पुरेसा वेळ मिळत नाही.

मग फेरी मारावी. फ्लॅटमध्ये मुख्य दार, ड्राय बाल्कनी, पाइपांच्या डक्टकडे उघडणारी न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी आणि वरच्या मजल्यावर राहत असल्यास गच्चीच्या बाजूची बाल्कनी या जागा पाहाव्यात. बैठ्या घरात किंवा बंगल्यात मागचे दार आणि गच्चीच्या जिन्याचे दार या दोन जागा सर्वांत दुर्बल असतात. पुढच्या दाराला सागवानी पल्ला आणि गच्चीच्या दाराला पत्रा, असे दृश्य साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी घरांत मी पाहिले आहे. प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहावी : येथून कोणी आत येऊ लागले, तर ते आत येण्याआधी कळायला हवे की आल्यावर कळले तरी चालेल? रात्री माणसे आत झोपलेली असताना आधी कळणेच महत्त्वाचे असते, तर बंद घरात आतला सापळाही पुरतो.

तिसरी पायरी : सेन्सर

दारे आणि खिडक्यांसाठी मॅग्नेट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा सेन्सर आहे. चौकटीवर एक बारीक स्विच आणि पल्ल्यावर लोहचुंबक असतो. दोघांतले अंतर वाढले, की संदेश जातो. यात दोन अडचणी येतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि पल्ला पूर्ण बसत नाही, त्यामुळे जूनमध्ये बसवलेला मॅग्नेट नोव्हेंबरात, किंवा नोव्हेंबरात बसवलेला जूनमध्ये, कुरकुर करू लागतो. म्हणून अंतर अगदी काठावर ठेवू नये. लोखंडी दारावर साधा मॅग्नेट दुबळा पडतो, तेथे धातूच्या दारासाठी असलेला मोठा मॅग्नेट मागावा. ग्रिल असलेल्या खिडक्यांना काच फुटल्याचा आवाज ओळखणाऱ्या सेन्सरपेक्षा ग्रिलवर बसणारा कंपन-सेन्सर अधिक कामाचा ठरतो, कारण ग्रिल कापायला किंवा वाकवायला सुरुवात झाली, की तो बोलतो.

खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर, ज्याला बसवणारे लोक पीआयआर म्हणतात, थोडा समजून घ्यावा लागतो. तो स्वतः काही सोडत नाही. माणसाच्या अंगातून निघणारी अवरक्त उष्णता त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली, की ती टिपतो. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवे जाणारे माणूस त्याला चटकन दिसते आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारे उशिरा दिसते. तो कोपऱ्यात, सात ते आठ फूट उंचीवर, दार ज्याच्या नजरेला आडवे पडेल अशा भिंतीवर लावावा. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन, एसीचा झोत आणि फ्रिजची मागची बाजू त्याच्या समोर येऊ देऊ नये. विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक सूचना आहे. मे महिन्यात बंद घराची हवा माणसाच्या अंगाइतकीच तापते, तेव्हा फरकच उरत नाही आणि साधा पीआयआर मंदावतो. तेथे तापमानाची भरपाई करणारा सेन्सर घ्यावा आणि तो तसा आहे, हे बिलावर लिहून घ्यावे.

पालींचे काय करावे, हा विनोद वाटणारा प्रश्न खोटे अलार्म देणाऱ्या कारणांत बराच वरचा आहे. सेन्सरच्या मागे भिंतीशी फट राहू देऊ नये, वायर येते ते भोक सिलिकॉनने बुजवावे, म्हणजे मुंग्याही आत जात नाहीत, आणि ट्यूबलाइटच्या जवळची जागा टाळावी, कारण किडे तेथे येतात आणि पाल किड्यांमागे येते. ‘पेट इम्यून’ असे लिहिलेला सेन्सर जमिनीवर फिरणाऱ्या कुत्र्यामांजरांना वगळतो. भिंगावर बसलेल्या पालीला तो वगळू शकत नाही.

हे सगळे सेन्सर ज्या मुख्य खोक्याला, म्हणजे पॅनेलला, जोडलेले असतात, त्यालाच गॅसगळतीचा सेन्सर जोडता येतो आणि तो जोडावा. येथे उंची चुकली, तर सेन्सर असून नसल्यासारखा होतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. पुण्यामुंबईत नळाने येणारा पीएनजी हवेपेक्षा हलका असतो आणि तो छताकडे जातो, म्हणून त्याचा सेन्सर छताखाली फूटभरात हवा. सिलिंडर सोडून पाइपगॅस घेतल्यावर सेन्सर खालीच राहिलेली घरे मी पाहिली आहेत. धुराचा सेन्सर स्वयंपाकघरात लावू नये. फोडणी बसली, की तो वाजतो आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते.

चौथी पायरी : पॅनेल आणि त्याची बाहेर बोलण्याची वाट

नव्या बांधकामात किंवा रंगकाम काढलेले असेल तेव्हा वायरचे सेन्सर घ्यावेत. बॅटऱ्या बदलण्याचा व्याप वाचतो. राहत्या घरात वायरलेसच सोयीचे पडते, पण स्वस्त वायरलेस किटमधले सेन्सर आणि अलार्म चालू-बंद करायचा रिमोट प्रत्येक वेळी तोच ठरलेला संकेत सोडतात आणि तो पकडून पुन्हा सोडणे अवघड नसते. रिमोटचा संकेत दर वेळी बदलतो का आणि सेन्सर गप्प झाला किंवा रेडिओलहरी मुद्दाम दाबल्या गेल्या, तर पॅनेल तशी सूचना देते का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. युरोपात अशा यंत्रणांची ईएन ५०१३१ या मानकानुसार चार श्रेणींत विभागणी होते; आयात केलेल्या पॅनेलवर दुसरी श्रेणी लिहिलेली असेल, तर घरासाठी ते पुरेसे समजावे.

पॅनेल बाहेर बोलते ते सिमकार्डाने किंवा वायफायने. दोन्ही असावेत, कारण वायफायचा राउटर वीज जाताच बंद पडतो आणि सिमचे रिचार्ज आपण विसरतो. दुकानांत अजूनही असे पॅनेल मिळतात, जे फक्त टूजीवर चालतात. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे त्या पॅनेलमध्ये जिओचे सिम घातले तर ते मुकेच राहते. इतर कंपन्यांचे टूजी आज चालत असले, तरी पाचसात वर्षांसाठी घ्यायची वस्तू फोरजीवर चालणारीच असावी. सिम घरमालकाच्या नावावर असावे, बसवणाऱ्याच्या नव्हे, आणि त्याचे रिचार्ज वर्षाचे एकदम मारावे.

विजेचा हिशेब स्वतः करावा. पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून ३०० मिलिअँपिअर ओढत असतील, तर कागदावर ती तेवीस तास चालते. जुनी बॅटरी आणि मध्येच वाजलेला हूटर धरला, तर त्याच्या निम्मे समजावे. देखभालीसाठी गुरुवारी काही तास वीज जाते, तेवढ्याला हे पुरते. वादळात खांब पडल्यावर दोन दिवस अंधार राहणाऱ्या कोकणातल्या घराला पुरत नाही. तेथे पॅनेल इन्व्हर्टरवर घ्यावे आणि राउटरही त्याच सर्किटवर घ्यावा.

कॅमेरा हा अलार्मला पर्याय नाही. तो काय झाले ते दाखवतो. पण अलार्म खरा की खोटा, हे ठरवायला दारासमोरचा एक कॅमेरा फार उपयोगी पडतो. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा-चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत, म्हणून कोणाकडचा जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावू नये, आणि आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

पाचवी पायरी : देखरेख सेवेशी बोलणी

माझा अनुभव असा, की विक्रीला आलेला माणूस यंत्राविषयी तासभर बोलतो आणि नियंत्रण कक्षाविषयी एक मिनिट. तो क्रम आपण उलटवावा. अलार्म आल्यापासून किती सेकंदांत पहिला फोन जातो, यादी संपेपर्यंत किती वेळा फिरवतात, कोणीच उचलले नाही तर पुढे काय करतात आणि ११२ वर फोन कंपनी स्वतः करते की नाही, ही चार उत्तरे लेखी घ्यावीत. माझ्या करारात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘प्रयत्न नोंदवला जाईल’ असे होते, आणि ते मी सही करताना वाचलेही होते.

पॅनेल जिवंत आहे की नाही, हे नियंत्रण कक्षाला कसे कळते, हेही विचारावे. चांगल्या यंत्रणेत पॅनेल ठरावीक काळाने आपणहून हजेरीचा संदेश पाठवते आणि तो चुकला, की कक्षातून विचारणा होते. ही हजेरी दिवसातून एकदाच असेल, तर चोराने वायर आणि सिम दोन्ही बंद पाडल्याचे दुसऱ्या दिवशी कळेल. धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला, तर टाकायचा वेगळा गुप्त क्रमांक असतो. तो टाकल्यावर अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो आणि कक्षाला मात्र मदतीचा संदेश जातो. एकट्या ज्येष्ठांच्या घरी ही सोय आणि पलंगाशेजारचे आणीबाणीचे बटण, या दोन्ही गोष्टी असाव्यात.

काही कंपन्या अलार्मनंतर सुरक्षारक्षक पाठवतात. असा रक्षक पुरवणाऱ्या संस्थेकडे खासगी सुरक्षा एजन्सींविषयीच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना हवा. त्याची प्रत मागावी आणि आपल्या भागात रात्री त्यांची गाडी कोठे उभी असते, ते विचारावे. पुण्याच्या एका टोकाला, हडपसरला, उभी असलेली गाडी दुसऱ्या टोकाच्या बावधनला किती वेळात येते, हे आपल्याला कंपनीपेक्षा चांगले ठाऊक असते.

करारातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा पॅनेलच्या इन्स्टॉलर कोडचा, म्हणजे पॅनेलची मांडणी बदलू देणाऱ्या क्रमांकाचा, आहे. हा कोड ज्याच्याकडे, त्याच्या ताब्यात पॅनेल. तो कंपनीने स्वतःकडे ठेवला, तर सेवा बदलताना पूर्ण पैसे भरून घेतलेले पॅनेलही निरुपयोगी ठरू शकते. म्हणून उपकरणे कोणाच्या मालकीची, करार संपल्यावर इन्स्टॉलर कोड मिळणार का आणि पॅनेल इतर नियंत्रण कक्षांना समजणाऱ्या प्रचलित पद्धतीने, उदाहरणार्थ कॉन्टॅक्ट आयडीने, बोलते का, हे करारात असावे.

तुलना तीन वर्षांच्या खर्चाची करावी. समजा एक यंत्रणा १८,००० रुपयांना विकत मिळते आणि देखरेख महिना ६०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांचे शुल्क २५,४८८ आणि एकूण ४३,४८८ रुपये होतात. दुसरी कंपनी उपकरणे ‘मोफत’ देते आणि महिना ११०० रुपये घेते. तिचे तीन वर्षांचे ४६,७२८ रुपये होतात आणि तिसऱ्या वर्षाअखेर भिंतीवरचे काहीही आपले नसते.

विम्याचे थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप यांचे संरक्षण आहे, पण चोरी फक्त अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच तिच्यात मोडते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. अलार्म आहे म्हणून घरफोडीचा विमाही आहे, असे गृहीत धरू नये.

सहावी पायरी : बसवण्याचा दिवस आणि नंतर

तंत्रज्ञ असतानाच प्रत्येक सेन्सरसमोर चालून पाहावे. मग मुख्य स्विच बंद करून, नंतर राउटर बंद करून, प्रत्येक वेळी एक दार उघडावे आणि नियंत्रण कक्षाचा फोन येतो का, ते घड्याळ लावून पाहावे. अलार्म चालू-बंद करण्यासाठी कारखान्यातून आलेला १२३४ हा क्रमांक बदलावा. घरकामाच्या मावशींना वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे त्यांनी काम सोडल्यावर तेवढाच रद्द करता येतो. बाहेर पडण्यासाठी मिळणारा अवधी घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पायाने मोजून ठरवावा. हूटर काही मिनिटांनी आपोआप थांबेल असे लावून घ्यावे; रात्रभर वाजणाऱ्या हूटरने शेजारी येत नाहीत, चिडतात, आणि पुढच्या वेळी खिडकी लावून घेतात.

पॅनेलची बॅटरी तीनचार वर्षांनी, खराब होण्याची वाट न पाहता बदलावी आणि बदलल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहावी. आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता चाचणी होते आणि यादीतली तिसरी व चौथी ओळ भरलेली आहे : तिसरी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांची, चौथी कर्वेनगरला राहणाऱ्या मेहुण्याची. काकांना मी चाचणीची वेळ सांगून ठेवली आहे. त्या वेळेव्यतिरिक्त हूटर वाजला, की त्यांनी आपल्या दाराच्या भिंगातून आमचे दार पाहायचे आणि मला नाही, मेहुण्याला फोन करायचा, असे आमचे ठरले आहे.